ईस्टरची रंगीत अंडी नि चित्रं: विदर्भातल्या गावात बसून कशी करायची

ईस्टर म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठला तो सण. त्यासाठी म्हणून मी पहिलं जे चित्र काढलं, त्यात एक ससा होता. गुबगुबीत, पांढराशुभ्र, गळ्यात निळी फीत, हातात अंड्यांची टोपली. मोबाईलवर बघून काढलेला. मी चित्रकला शिकवते. गावातल्या चर्चच्या लोकांनी मोठ्या विश्वासानं दारावरचा बोर्ड रंगवायला दिला होता आणि माझ्या मते तो झकास झाला होता. पाळकबाई आल्या, दोन मिनिटं बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे जी मॅडम. पण हा ससा कायले? ईस्टरच्या गोष्टीत तर ससा कुठंच नाही." मग हसून म्हणाल्या, "बायबलात आहे म्हणा, पण लेवीयच्या पुस्तकात. खायचा नाही त्या जनावरांच्या यादीत."

त्या दिवसापासून मी ईस्टरचं काम करताना आधी चौकशी करते, मग ब्रश उचलते. गेल्या काही वर्षांत शाळेतल्या पोरांना घेऊन अंडी रंगवली, भुशाचे गालिचे घातले, झावळ्या विणल्या. बरंच बिघडवलं. तुम्ही शिक्षक असा, चर्चच्या तरुण मंडळात असा किंवा नुसतीच रंगांची हौस असो, त्या चुका तुम्ही पुन्हा करू नका म्हणून हे लिहिते आहे. ईस्टरचं प्रत्येक चिन्ह कुणाच्या तरी अंगणातून, वावरातून आलेलं आहे. त्याचा अर्थ घ्या, आणि चित्र आपल्या वावरातलं काढा.

१. आधी तारीख काढा

नाताळासारखी ही तारीख ठरलेली नसते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघायची, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधे कुठंही पडतो. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च, २०२८ मध्ये १६ एप्रिल. आपल्या कॅलेंडरवर बघायचं तर एखाद्या वर्षी तो होळीच्या पौर्णिमेनंतर लगेच येतो (२०२४ मध्ये तसंच झालं), तर एखाद्या वर्षी हनुमान जयंतीनंतर. चर्चची पौर्णिमा मात्र कोष्टकातून काढलेली असते. ती कधीमधी पंचांगाशी जुळत नाही, म्हणून चर्चमध्ये विचारून खात्री करा.

तारखेवर तुमचं सामान अवलंबून आहे. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि गळतो. ईस्टर एप्रिलच्या मध्यावर असेल तर तोवर झाडाखाली काहीच उरत नाही. फुलं आधीच वेचून सावलीत वाळवून ठेवा.

२. मग विचारायला जा

हे पाऊल सगळे गाळतात. मीही गाळलं होतं.

ईस्टरच्या आधी उपवासाचे ४० दिवस असतात, लेंट म्हणतात ते. राखेच्या बुधवारपासून मोजले तर ४६ भरतात, कारण मधले रविवार उपवासात धरत नाहीत. शेवटचा आठवडा पवित्र सप्ताह: झावळ्यांचा रविवार, गुरुवारचं शेवटचं भोजन, येशूला क्रुसावर दिलं तो शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), आणि रविवारी पहाटे पुनरुत्थान. चित्र काढणाऱ्यानं लक्षात ठेवायचं ते हे, की या दिवसांचे रंग वेगळे आहेत. कॅथोलिक चर्चमध्ये उपवासाच्या काळात जांभळा, झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी लाल, आणि ईस्टरला पांढरा नि सोनेरी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सगळीकडे इतकं काटेकोर नसतं, पण ईस्टरचा पांढरा बहुतेकांना ठाऊक असतो.

इथं आपला गोंधळ होतो. आपल्याकडे पांढरं म्हटलं की कुणाच्या मनात सुतक येतं. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं ईस्टरच्या क्रुसावरचं पांढरं कापड मुद्दाम गुलाबी केलं, "पांढरं बरं दिसत नाही म्हणून." तिला समजावलं की क्रूस रिकामा आहे आणि त्यावर पांढरं कापड आहे, हीच तर आनंदाची बातमी. मग तिनं सोनेरी काठ काढले. नऊवारीचे.

पाळकांना किंवा फादरना एवढं विचाराच:

- येशूचं चित्र काढलेलं चालेल का? काही मंडळ्यांना ते आवडत नाही, नुसता क्रूस चालतो.
- सजावट कधी लावायची? शुभ शुक्रवार हा शोकाचा दिवस. त्या दिवशी फुगे, पताका, रंगीत अंडी काहीही नको. "शुभ शुक्रवारच्या हार्दिक शुभेच्छा" असं पोस्टर तर चुकूनही करू नका. नावात शुभ आहे म्हणून फसतात लोक.
- रंगीत अंड्यांची पद्धत या मंडळीत आहे का?

पाळकबाईंचे सासरे यवतमाळच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, शिकलेले. ती सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्यांच्या वेळच्या गोष्टी त्या सांगत बसल्या की अर्धा तास सहज जातो, पण तो अर्धा तास द्या. पहाटे अंधारात लोक कसे जमत, कुणी एक "प्रभू उठला आहे" म्हणालं की बाकीचे "खरोखर उठला आहे" म्हणून कसे उत्तर देत, हे ऐकल्यावर माझ्या चित्रात दुपारचं ऊन जाऊन पहाटेचा निळा आला.

३. चिन्हं आणि त्यांचे अर्थ

अंडं. बंद कवच म्हणजे बंद कबर, आणि फुटून बाहेर येणारा जीव म्हणजे पुनरुत्थान. यामागं व्यवहारही आहे. जुन्या काळी लेंटच्या उपवासात अंडी वर्ज्य होती, पण कोंबड्या काही उपवास धरत नव्हत्या. साठलेली अंडी ईस्टरला उकडून, रंगवून वाटली जायची. ग्रीसमध्ये ती लालच असतात, ख्रिस्ताच्या रक्ताचा रंग म्हणून. पवित्र गुरुवारी रंगवतात आणि ईस्टरला एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटतात. ज्याचं फुटत नाही त्याला वर्षभर नशीब. आपली पोट्टी हे एका मिनिटात शिकतात.

कोकरू. वल्हांडण या यहुदी सणाला बळी देत त्या कोकरापासून आलेलं. सगळे कापसाच्या गोळ्यासारखं कोकरू काढतात. तुम्ही उन्हाळ्यात माळावर बसलेला मेंढ्यांचा कळप बघून काढा. त्यात काळी असतात, तांबूस असतात, कान लोंबणारी असतात.

झावळ्या. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या झावळ्या हातात घेतल्या. आपल्याकडे ओढ्याकाठची शिंदी ही खजुरीची सख्खी चुलतबहीण, एकाच कुळातली. तेव्हा नारळाची झावळी आणायला बाजारात जाऊ नका. शिंदीच्या पात्याच्या टोकाला काटा असतो, तो आधी कापा, मग पोरांच्या हातात द्या.

फुलपाखरू. अळी, कोश, फुलपाखरू: जीवन, कबर, पुनरुत्थान. पुस्तकातून काढू नका. घरामागच्या खायच्या लिंबाच्या झाडावर (कडुलिंब नव्हे) पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधा. ती मोठी झाली की हिरवी होते. बरणीत लिंबाच्या ताज्या पानांसकट ठेवली, तोंडाला जाळी बांधली, तर पोरांना सगळे टप्पे समोर दिसतात. ईस्टरच्या साधारण तीन आठवडे आधी सुरुवात करा.

मोर. हे वाचून मला सगळ्यात आनंद झाला होता. मोराचं मांस कुजत नाही अशी जुन्या काळी समजूत होती, म्हणून सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांत मोर अमरत्वाचं चिन्ह म्हणून येतो. आता सांगा, मोर असताना ससा कायले काढायचा?

लिली. ईस्टर लिली म्हणतात ती मुळात जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची. आपल्या ४२ अंशांत ती कागदाचीच मिळणार. पांढरं, सुवासिक, एवढंच हवं असेल तर चाफा आणि निशिगंध आहेत.

मेणबत्ती. कॅथोलिक चर्चमध्ये ईस्टरची मोठी मेणबत्ती असते. तिच्यावर क्रूस, ते वर्ष आणि अल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरं असतात, म्हणजे आदि आणि अंत. आमच्या पोरांनी कागदाच्या मेणबत्तीवर 'अ' आणि 'ज्ञ' लिहिलं. मी तसंच राहू दिलं.

ससा. सशाची गोष्ट जर्मन भाषकांच्या मुलखातली. १६८२ मध्ये एका जर्मन वैद्यानं अंडी आणणाऱ्या ईस्टरच्या सशाची समजूत लिहून ठेवली आहे. तिथून ती अमेरिकेत गेली आणि चॉकलेटवाल्यांनी जगभर नेली. ऑस्ट्रेलियात मात्र सशांनी शेतं नि रानं उजाड केली, म्हणून तिथं बरेच लोक सशाऐवजी बिल्बी नावाच्या तिथल्याच लांब कानांच्या प्राण्याचं चॉकलेट करतात. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही? ससा काढायचाच असेल तर तुरीच्या तासात दबकून बसलेला, मातकट रंगाचा आपला ससा काढा. फीत नको.

पळस. हे कुठल्याच यादीत नाही, माझं आहे. पानं झडलेल्या काळ्या फांदीवर अचानक पेटलेलं केशरी, आणि त्याखाली मखमली काळपट देठ. मेलेल्या झाडातून आग उठावी तसं. ईस्टरच्या चित्राला याहून चांगली पार्श्वभूमी मला तरी सुचत नाही. "पळसाला पानं तीनच" हे मी वर्गात सहज म्हणाले, तर चर्चमधला एक पोरगा लगेच, "हो मॅडम, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा." त्यानं मग तीच तीन पानं चित्राच्या मधोमध काढली.

४. सामान

- अंडी: पांढरी फार्मची आणि गावरान, दोन्ही. दोन-चार जास्तच घ्या.
- पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात मिळतं.
- कांद्याची सुकी टरफलं, हळद, सुकवलेली लाल अंबाडीची फुलं (सरबताला वापरतो ती), पळसाची फुलं.
- सांबार. कोथिंबीर म्हणणाऱ्यांनी कोथिंबीर वाचावं.
- जुनी मलमलची ओढणी, शिवणाचा दोरा.
- मधमाशीचं मेण, साधी मेणबत्ती, डोक्याच्या टाचण्या, खोडरबर असलेल्या पेन्सिली.
- कपड्यांचे रंग: पिवळा, केशरी, लाल, काळा.
- औषधांच्या दुकानातली सिरिंज, सुईसकट. सुई स्वतः हाताळा, पोरांना देऊ नका.
- पारदर्शक वॉर्निश किंवा रंग नसलेलं नेलपॉलिश.
- अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. दुकानदार फुकट देतो.

ज्यांच्या घरात अंडं चालत नाही, अशी पोरं वर्गात असतातच. त्यांना बाजूला बसवू नका. वाळलेल्या कवठाचं कवच टणक नि फिकट असतं, त्यावर पोस्टर कलर छान बसतो. कुंभाराला सांगितलं तर मातीची अंडीही करून देतो.

५. रंगवा आधी, रिकामी करा नंतर

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. ३० अंडी आधी फुंकून रिकामी केली, मग रंगात सोडली. सगळी चेंडूसारखी तरंगायला लागली. वरची बाजू पांढरी, खालची रंगीत, आणि चमच्यानं दाबली की फटकन फुटायची. संध्याकाळपर्यंत ११ उरली होती.

तेव्हा क्रम असा: अंडं कोमट पाण्यानं धुवा, पुसा, भरलेलंच रंगवा, वाळवा, वॉर्निशचा हात द्या, आणि मग दोन टोकांना भोकं पाडून सिरिंजनं हवा भरून आतलं बाहेर काढा. वॉर्निश आधी लावलं नाही तर रिकामं करताना ओघळ येतात आणि रंग निघतो. तोंडानं फुंकू नका. कच्च्या अंड्यातून पोटाचे आजार होतात. शेवटी आतून पाण्यानं दोन-तीनदा धुवा आणि भोक खाली करून पूर्ण वाळू द्या. ओलं राहिलं तर मुंग्या येतात.

हे सगळं त्याच दिवशी उरका. एप्रिलमधल्या आपल्या घरात भरलेलं कच्चं अंडं रंगवून आठवडाभर ठेवलं तर ते सडतं आणि एके दुपारी फुटतं. तो वास वर्गातून जायला शनिवार-रविवार लागले होते. उकडलेली अंडी खायची असतील तर रंगवल्यावर तासाभरात खा किंवा फ्रिजमध्ये टाका. आपल्या उन्हात त्याहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका.

६. घरचे रंग

व्हिनेगर का? अंड्याचं कवच चुनखडीचं. आंबट द्रवानं त्याचा वरचा थर जरासा झिजतो आणि रंग धरतो. लिटरभर रंगाला दोन मोठे चमचे पुरे. जास्त घातलं की कवच खरखरीत नि पातळ होतं.

कांदा: १०-१२ कांद्यांची टरफलं लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा. पांढऱ्या अंड्यावर केशरी ते विटकरी, गावरानवर गडद तांबूस येतो. सगळ्यात भरवशाचा रंग हाच. लाल अंडी हवी असतील तर गावरान अंडं आणि कांदा.

हळद: तीन चमचे लिटरला, दहा मिनिटं उकळून. पिवळाजर्द, पण उन्हात लवकर उडतो. खिडकीत ठेवू नका.

अंबाडी: हा गमतीचा. रंगाचं पाणी लालभडक, आणि अंडं निघतं राखाडी-निळसर. पोरं दरवेळी "बिघडलं, बिघडलं" म्हणून ओरडतात. बिघडलेलं नसतं. अंबाडीतला लाल रंग आंबटात लाल राहतो आणि कवचाच्या चुनखडीला लागला की निळ्याकडे झुकतो. अंबाडी मुळात आंबट असल्यानं व्हिनेगर नकोच. कवचावर बुडबुडे येतात आणि त्यांचे ठिपके उमटतात, टिटवीच्या अंड्यासारखे. मला ते ठिपके फार आवडतात. पुसू नका, ओलं असताना बोट लावलं की साल निघाल्यासारखा रंग निघतो.

पळस: होळीला पांढऱ्या सदऱ्यावर जो रंग खुलतो, तो अंड्यावर फिकट पिवळाच आला. मी आता पळसाचं पाणी कागदावर पातळ रंगाचा हात (वॉश) द्यायला वापरते. त्यात चिमूटभर खायचा चुना घातला की ते केशरी होतं.

७. सांबाराच्या पानाचं अंडं

नवख्या माणसानं इथून सुरुवात करावी. यात बिघडायला फारसं काही नाही आणि बघणाऱ्याला मात्र वाटतं, केवढी कारागिरी.

कोवळं, पसरट सांबाराचं पान निवडा. देठ पानाच्या बुडाशी तोडा. पान पाण्यात बुडवून अंड्यावर ठेवा आणि बोटानं चापून बसवा. प्रत्येक कातरा कवचाला चिकटला पाहिजे. एखादा जरी उठून राहिला तर रंग तिथून आत शिरतो आणि नक्षीचा डाग होतो. आता ओढणीचा चौकोनी तुकडा पानाच्या बाजूनं ताणून अंड्यावर घ्या, मागं चुण्या गोळा करा आणि दोऱ्यानं करकचून बांधा. मी एकदा मच्छरदाणीचा तुकडा वापरला होता. पानासोबत जाळीही उमटली, अंडं क्रिकेटच्या नेटमध्ये अडकल्यासारखं दिसत होतं.

बांधलेलं अंडं गाळलेल्या कांद्याच्या रंगात थंड असतानाच सोडा, मग आच लावा. मंद आचेवर १२-१५ मिनिटं. खळखळ उकळलं तर अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. आच बंद करून त्याच पाण्यात निवू द्या. जितका वेळ राहील तितका रंग गडद. मग दोरा कापा, कापड सोडा आणि पान नखानं हळूच उचला. विटकरी अंड्यावर सांबाराचं पांढरट पान, शिरांसकट. शेवटी बोटाला गोडं तेल लावून फिरवा, अंडं चमकतं.

कढीपत्ता, शेवग्याची बारीक पानं, दोन्ही चालतात. ही अंडी उकडलेली असतात, तेव्हा ती बाहेर ठेवायची नाहीत, तासाभरात मीठ-तिखट लावून संपवायची किंवा फ्रिजमध्ये टाकायची.

८. मेणाची नक्षी

युक्रेनमध्ये या अंड्यांना पिसांका म्हणतात. नाव 'लिहिणे' या क्रियापदापासून आलेलं, कारण ती रंगवत नाहीत, मेणानं लिहितात. २०२४ मध्ये युनेस्कोनं ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. कोलोमिया नावाच्या शहरात तर पिसांकांचं संग्रहालय आहे. तत्त्व बाटिकचंच: मेण जिथं लागेल तिथं पुढचा रंग चढत नाही.

त्यांच्याकडे त्यासाठी नळीचं खास हत्यार असतं. आपण पेन्सिलीच्या खोडरबरात टाचणी खुपसायची, टाचणीचं डोकं बाहेर. मधाचं मेण एका वाटीत मेणबत्तीवर वितळवा, डोकं बुडवा, अंड्यावर टेकवून ओढा. टेकवलं तिथं गोल, ओढलं तिथं शेपटी निमुळती होत जाते. भाताच्या दाण्यासारखा थेंब तयार होतो. असे थेंब गोलात मांडले की सूर्य, एका रेषेत मांडले की गव्हाची ओंबी. ठिपक्यांच्या रांगोळीवर हात बसलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

मेण मधमाशीचंच घ्या. मेळघाटातला मध विकणाऱ्यांकडे मिळतं. साध्या मेणबत्तीचं मेण ठिसूळ, रंगात टाकलं की खपल्या निघतात.

क्रम नेहमी फिक्याकडून गडदकडे. जे पांढरं ठेवायचं ते मेणानं लिहा, पिवळ्यात बुडवा. जे पिवळं ठेवायचं ते लिहा, केशरीत बुडवा. मग लाल, शेवटी काळा. रंग पूर्ण थंड हवा, नाहीतर मेण सुटतं. आणि हे काम सकाळी सात ते दहामध्ये उरका. दुपारी आपल्याकडे मेण हातातच मऊ पडतं आणि नक्षी बोटाला चिकटून येते.

शेवटी अंडं काळंकुट्ट दिसतं, पोरांचे चेहरे उतरतात. आता ते मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला धरा, वर नाही. मी वर धरलं होतं. तीन दिवसांच्या नक्षीवर काजळी बसली, ती कधीच निघाली नाही. बाजूला धरलं की मेण चमकायला लागतं, लगेच सुती कापडानं टिपून घ्या. थोडं तापवा, थोडं पुसा. काळ्याखालून लाल, केशरी, पिवळा एकेक करून वर येतात. त्या वेळी वर्गात जी शांतता होते ती मला परीक्षेतही कधी करता आली नाही.

९. भुशाचा गालिचा

ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहरात पवित्र सप्ताहात रस्त्यांवर रंगवलेल्या भुशाचे, फुलांचे लांबच लांब गालिचे घालतात. रात्र रात्र जागून केलेला गालिचा मिरवणूक त्यावरून चालत गेली की संपतो. फोटो बघून आमच्या गावातली एक आजी म्हणाली, "हे तर आपलीच रांगोळी आहे नं बाप्पा." आहेच.

आरा मशीनवरून भुसा आणा. सागाचा नको, तो मुळात तपकिरी, त्यावर पिवळा नि निळा मळकट दिसतो. फिकट लाकडाचा मागा. चाळणीनं चाळा, कपड्याच्या रंगात भिजवा, पिळून सावलीत अर्धवट वाळवा. पूर्ण वाळवू नका, ओलसर भुसा जागेवर बसतो. जमिनीवर सडा मारून खडूनं आकृती काढा, पुठ्ठ्याचे छाप कापा, आणि चाळणीतून भुसा सोडा. आधी पार्श्वभूमी, मग मोठे आकार, शेवटी बारीक रेषा. दर अर्ध्या तासानं फवाऱ्यानं पाणी मारा.

शत्रू एकच, वावटळ. आमचा पहिला गालिचा शनिवारी दुपारी चार वाजता पूर्ण झाला आणि सव्वाचारला शेजारच्या लिंबाच्या झाडावर होता. तेव्हापासून आम्ही शनिवारी रात्री नऊनंतर बसतो. बायका, पोरं, चहाची किटली, एक मोठा बल्ब. पहाटेच्या उपासनेला लोक येतात तेव्हा गालिचा ताजा असतो.

चर्चच्या दारातून वेदीकडे जाणारी वाट करायची असेल तर मधोमध क्रूस काढू नका. लोक त्यावरून चालणार आहेत आणि क्रुसावर पाय द्यायला कुणी तयार होत नाही. आमच्याकडे सगळी मंडळी कडेकडेनं, भिंतीला घासत आत गेली होती. वाटेवर पळसाची फुलं, शिंदीच्या झावळ्या, मोराची पिसं काढा. क्रूस शेवटी, जिथं वाट थांबते तिथं.

१०. उरलेलं

रिकाम्या अंड्यांना दोरा ओवून वाळक्या फांदीवर टांगता येतं. जर्मनीत अशी झाडं सजवतात. फांदी बोरीची घेतलीत तर काटे काढायचे कष्ट पडतात, पण दिसते सुंदर. अंडी पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, कापूस घालून, माळ्यावर नाही तर खाली कपाटात ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर वॉर्निश चिकट होतं.

आतलं पिवळं-पांढरं फेकू नका. ३० अंड्यांचं मोठं ऑम्लेट होतं, सगळ्या मंडळींना पुरतं. त्यासाठी सिरिंजखाली स्वच्छ भांडं ठेवा आणि काढलेलं लगेच शिजवा. मेणाची, कपड्यांच्या रंगाची अंडी मात्र खाण्यातून वगळा.

आणि कांद्याची टरफलं जानेवारीपासून एका पिशवीत टाकायला लागा. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात मी एकदा भाजीवाल्याकडे नुसती टरफलं मागायला गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, कांदे फुकट मागणारे पाहिले, हे नवीनच."